‘ट्रीटेड आहे दादा’ – या एका शब्दाला आपण किती पैसे मोजणार?

मंडळी, आजची नोंद पिकाची नाही, कुंपणाची आहे. थोडी रागातच लिहितोय, तेव्हा कुणाला झोंबली तर झोंबू दे. राग ठेकेदारावर आहेच, पण त्याहून जास्त माझ्यावर आणि माझ्यासारख्या शेतकऱ्यांवर आहे.

घराच्या खालच्या अंगाला माझं ४० गुंठे कुंपण घातलेलं रान आहे. वर काजूची कलमं, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७. खालच्या ओलाव्याच्या पट्टीत तीन वर्षांपूर्वी नारळाची २२ रोपं लावली. जमीन तांबडी, दोन फुटांवर जांभा. पाऊस कोकणातला, म्हणजे चार महिने खांबाचा पाय वाळतच नाही. वाळवीला तर आमंत्रण लागतच नाही.

कुंपण लाकडी खांबांचं आणि काटेरी तारेचं, खाली जाळी. खांब ‘ट्रीटेड’. तिसऱ्या श्रावणात एका रात्री रानडुकरांनी धडक दिली आणि ओळीतले नऊ खांब जमिनीलगत काडीसारखे मोडले. सकाळी गेलो तर २२ पैकी १७ माड उपटलेले. डुक्कर माडाचं रोप पाडून आतला कोवळा गाभा खातं, बाकीचं तसंच टाकून जातं. आई बांधावर उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, “तीन वर्षं मी घागरीनं पाणी घातलं रे त्यांना.”

मोडलेला खांब उचलून बघितला. बाहेरून काळाकुळकुळीत, अजून थोडी चमकसुद्धा. आत पांढरा भुसा. बोटानं दाबला तर ओल्या खोबऱ्याच्या चोथ्यासारखा चुरा झाला. कोयत्यानं चिरला तेव्हा कळलं की काळा रंग नखाच्या जाडीएवढाही आत गेलेला नव्हता. गॅरेजमधलं जळकं ऑईल आणि थोडं डांबर, ब्रशनं फासलेलं. माझी ‘ट्रीटमेंट’ ती एवढीच.

ठेकेदाराला फोन केला. त्याचं उत्तर ऐका. “दादा, यंदा पाऊस जास्त झाला.”

अरे बाबा, कोकणात खांब विकतोस ना? मग पाऊस जास्त होणार हे गृहीत धरूनच विकायचा असतो.

पहिली चूक कुणाची?

आता खरं सांगतो. मी त्याला काय विचारलं होतं? तीन प्रश्न. रनिंग फुटाला काय पडेल? कधी सुरू करणार? अ‍ॅडव्हान्स किती? लाकूड कुठलं, कोरडं की ओलं, औषध कुठलं, किती आत गेलंय, कुणी केलंय, यातलं एकही विचारलं नाही. त्यानं “ट्रीटेड आहे दादा, पंधरा वर्षं बघायला नको” म्हटलं आणि मी मान डोलावली.

बियाण्याची पिशवी घेताना आपण लॉट नंबर बघतो, अंतिम तारीख बघतो. खताच्या गोणीवर नत्र-स्फुरद-पालाश किती ते वाचतो. कीटकनाशकाच्या बाटलीचं बिल मागतो. आणि हजारो रुपयांचे खांब घेताना? एक शब्द. तोही तोंडी.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ‘ट्रीटेड’ हा शब्द म्हणजे माहिती नव्हे. कुठलं औषध, किती किलो, किती खोल, हे न सांगता जो ‘ट्रीटेड’ म्हणतो, त्याचा खांब बिनऔषधाचा धरूनच भाव करा.

खांब कुठं कुजतो आणि का

थोडं मुळातून बघू, कारण फसवणूक इथंच होते.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल लागते आणि हवाही लागते. जमिनीत खोल हवा कमी, जमिनीवर वाऱ्याने लाकूड वाळतं. दोन्ही गोष्टी भरपूर मिळतात त्या जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात. म्हणून कुंपणाचा खांब नेहमी तिथंच मोडतो. खालचा बुंधा उपटून बघा, बऱ्याचदा तो वरच्यापेक्षा बरा निघतो.

दुसरं, प्रत्येक खोडात दोन प्रकारचं लाकूड असतं. मधला गडद गाभा आणि त्याभोवतीचा पांढरट भाग. जिवंत झाडात हा पांढरट भाग पाणी वाहून नेतो, त्यात साखर-पिठूळ अंश असतो, म्हणून भुंगेरे आणि बुरशी आधी त्याच्यावर पडतात. गाभ्यात झाडानं स्वतःचं औषध साठवलेलं असतं. ऐन, किंजळ, खैर, साग यांचा टिकाऊपणा हा गाभ्याचा टिकाऊपणा आहे, पांढऱ्याचा नाही. कुठल्याच जातीचं पांढरं लाकूड मातीत टिकत नाही.

इथंच ‘सागाचे खांब आहेत’ ही दुसरी थाप उघडी पडते. विरळणीत तोडलेला सात-आठ वर्षांचा सागाचा पोर घ्या, त्यात बहुतेक पांढरंच लाकूड असतं. नाव सागाचं, पण टिकायला सुरू-निलगिरीच्या बरोबरीचं. मंडळी, नावाला भुलू नका. खांबाचं तोंड बघा, गाभा किती आहे ते बोटानं मोजा.

आता गंमत अशी की, औषध शिरायला मात्र हाच पांढरा भाग चांगला. त्याच्या नळ्या मोकळ्या असतात. गाभा औषध घेतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून चांगला ट्रीटेड खांब हा गोल असतो, सालपट काढलेला, चारी बाजूंनी पांढरा भाग शाबूत ठेवलेला आणि तो भाग पूर्ण औषधानं भरलेला. आरागिरणीत चौकोनी पाडलेला देखणा खांब घेतलात तर औषध घेणारा भाग गिरणीतच राहिला आणि औषध न घेणारा तुमच्या नशिबी आला, असंही होतं.

खरी ट्रीटमेंट कशी होते

लाकूड आधी वाळवतात. ओल्या लाकडाच्या नळ्या पाण्यानं भरलेल्या असतात, मग औषध जाणार कुठं? वाळलेले खांब लोखंडी टाकीत भरून झाकण बंद करतात. आधी निर्वात पंपानं लाकडातली हवा ओढून घेतात. मग औषधाचं द्रावण सोडतात आणि दाब देतात. दाबानं द्रावण पांढऱ्या भागात आतपर्यंत शिरतं. शेवटी द्रावण काढून पुन्हा हवा ओढतात, म्हणजे खांब टपकत नाही. ही पद्धत आजची नाही. जॉन बेथेल यानं इंग्लंडमध्ये १८३८ साली तिचं पेटंट घेतलं, तेव्हा औषध होतं क्रिओसोट. रेल्वेचे लाकडी स्लीपर त्यावर टिकले.

आणि आता ऐका. जगभर कुंपणाच्या खांबांना जे औषध सगळ्यात जास्त वापरलं गेलं, ते तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं मिश्रण, म्हणजे सीसीए, ते शोधलं कुणी? सोंटी कामेशम या भारतीय शास्त्रज्ञानं, १९३३ साली, आपल्या डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत. ‘आस्कू’ या नावानं ते जगात गेलं. न्यूझीलंडमधल्या मेंढ्यांच्या कुरणांची आणि द्राक्षबागांची कुंपणं या औषधाच्या पाइनवर उभी राहिली. तिथं खांबावर वर्ग लिहिलेला असतो. जमिनीच्या वर वापरायचं लाकूड एच-३, जमिनीत गाडायचं एच-४. शेतकरी दुकानात जाऊन ‘ट्रीटेड द्या’ म्हणत नाही, ‘एच-४ द्या’ म्हणतो.

आपल्याकडेही नियम नाही असं नाही. लाकूड टिकवण्याच्या प्रक्रियेची भारतीय मानक संहिता आहे, आय.एस. ४०१. कुठल्या वापराला कुठलं औषध आणि घनमीटरला किती किलो, ते तिथं ठरवून दिलेलं आहे. म्हणजे शोध आपला, मानक आपलं, आणि आपल्या बांधावर काय? जळकं ऑईल! याचा राग यायला नको?

“पण आमचे आजोबा कुठं औषध मारायचे?”

हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच घेतो. माझे आजोबाही वई घालायचे. पण त्यांचे खांब जुन्या ऐनाच्या, खैराच्या गाभ्याचे. मधे करवंदीचे काटे, निवडुंग, मोगली एरंड. आणि दरवर्षी पावसाच्या आधी सगळं घर आठ-पंधरा दिवस वईला लागायचं. मोडलेली मेढ बदलायची, काटे भरायचे. वई टिकायची नाही, ती दरवर्षी नवी व्हायची.

आज तसं जुनं लाकूड तोडायला नाही, आणि असलं तरी तोडू नये. घरात माणसं नाहीत, पोरं मुंबई-पुण्याला. मग आजोबांचा हिशेब आपल्याला कसा लागू पडेल? आपण पाच-सात वर्षांत वाढलेल्या झाडाचा खांब घेतो आणि भरवसा मात्र आजोबांच्या खांबाचा ठेवतो.

दुसरा आक्षेप: “लाकूड कशाला? सिमेंटचे पोल टाक, नाहीतर लोखंडी अँगल.” ज्याच्या शेतात ट्रॅक्टर जातो त्यानं जरूर टाकावेत. माझ्याकडे शेवटचं अंतर पाऊलवाटेचं आहे, खांब डोक्यावरून न्यावे लागतात. सिमेंटच्या पोलातली सळी बारीक आणि वरचं आवरण पातळ असेल तर ती गंजून पोल फुटतो, आणि डुकराच्या धडकेला तो लवत नाही, तुटतो. खाऱ्या वाऱ्यात अँगलचं काय होतं ते किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको. थोडक्यात, यातला कुठलाच खांब देव नाही. प्रत्येकाला आपापले प्रश्न विचारावे लागतात. माझा मुद्दा लाकडाच्या बाजूनं नाही, प्रश्न विचारण्याच्या बाजूनं आहे.

माझा हिशेब, लपवाछपवी न करता

कुंपणाचा घेर ९०० फूट. आठ फुटांवर खांब, कोपरे आणि बेड्याचे धरून ११५ खांब. तेव्हा एका ठिकाणी खरा दाबाखाली ट्रीट केलेला खांब ४२० रुपयांना सांगितला होता. ठेकेदारानं २३० ला दिला. खांबामागे १९० वाचले, एकूण २१,८५०. त्या दिवशी मी स्वतःला फार हुशार समजलो.

आता गेलेले पैसे. पहिले खांब २६,४५०, मातीत गेले. नवे खांब, तोवर भाव वाढला होता, ४५० प्रमाणे ५१,७५०. पुन्हा खड्डे, जुने बुंधे उपसणं, तार सोडवून परत ताणणं, खांबामागे १४० प्रमाणे १६,१००. बेरीज ९४,३००. पहिल्यांदाच ४२० वाला घेतला असता तर ४८,३००. म्हणजे २१,८५० वाचवायच्या नादात ४६,००० जास्त गेले. आणि १७ माडांची तीन वर्षं? ती कुठल्या रकान्यात लिहू?

घेराचाही विचार करा. एक एकर चौकोनी तुकड्याला साधारण ८३५ फूट कुंपण लागतं. तोच एकर ६६ बाय ६६० फुटांची लांब पट्टी असेल तर १,४५२ फूट. म्हणजे क्षेत्र बघून अंदाज बांधू नका, टेप घेऊन फिरा. ठेकेदार एकराचा ठोक भाव सांगतो तेव्हा त्यात कुणाचा तरी तोटा दडलेला असतो, आणि तो शक्यतो त्याचा नसतो.

दुसऱ्या वेळी मी काय केलं

करवत घेऊन गेलो. अगदी खरं सांगतो, पिशवीत करवत. विक्रेत्याला म्हटलं, “तुमच्या थप्पीतला मधला एक खांब मी निवडणार, त्याचे पैसे देणार आणि बरोबर मधे कापणार.”

टोकाशी का नाही? कारण औषध टोकाकडून लांबीच्या दिशेनं सहज शिरतं. टोकाची चकती हिरवी दिसली म्हणून फसू नका. परीक्षा मधल्या कापाची. सीसीएचा खांब असेल तर पांढऱ्या भागाचं पूर्ण कडं हिरवट दिसायला हवं. गाभा कोरा राहिला तर चालतो, पांढरा कोरा राहिला तर नाही. शंका वाटली तर क्रोम अ‍ॅझुरॉल-एस नावाचं रसायन प्रयोगशाळेत मिळतं. तांबं असेल तिथं ते गडद निळं होतं. महाविद्यालयातल्या, कृषी विज्ञान केंद्रातल्या मित्रांनी एवढी सोय गावासाठी केली तर मोठे उपकार होतील.

पहिल्या दुकानदारानं करवत बघूनच हाकलला. दुसरा म्हणाला, “एवढा अविश्वास?” मी म्हटलं, “शेट, आंबा घेताना तुम्ही पेटीतला एक कापून बघता की नाही?” हसला, पण कापू दिला नाही. तिसऱ्यानं स्वतः करवत धरली. माल त्याच्याकडून घेतला. बिलावर औषधाचं नाव, घनमीटरला किती किलो आणि ट्रीट केल्याची तारीख लिहून घेतली.

आणखी दोन गोष्टी बघितल्या. खांब हाताला जड आणि ओले लागतायत का? ओले असतील तर घरी आल्यावर वाळून तडकतात आणि तडीतून आतला कोरा भाग उघडा पडतो. आणि अंगाला हिरवी पावडर लागतेय का, द्रावण टपकतंय का? तसे खांब घेऊ नका. औषध लाकडात बसायला काही दिवस जावे लागतात.

खड्ड्याशी झालेलं भांडण

माल चांगला आला म्हणजे झालं असं नाही. लावणाराही बघावा लागतो.

तिसऱ्या दिवशी मी जेवायला घरी आलो. परत गेलो तर कोपऱ्याच्या ओळीत पोरांनी चार खांब खालून दीड फूट कापलेले. कातळ लागला, खड्डा खोल जाईना, आणि वरची रेघ सरळ दिसायला हवी, म्हणून खालून कापले. मेस्त्री म्हणाला, “दादा, मातीत कोण बघतंय?”

मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवा. मातीत बुरशी बघते, वाळवी बघते. कापलेल्या तोंडाशी कोरा गाभा उघडा पडला, आता तोच ओल्या मातीत. ते चारही खांब मी बाहेर काढायला लावले. कापलेलं तोंड नेहमी वर, कारखान्यातून आलेलं तोंड खाली. वर कापायचं तर तिरकं कापा म्हणजे पाणी थांबत नाही, आणि कापाला तांब्याचं औषध ब्रशनं दोनदा लावा. कातळ लागला तर पहार घ्या, ब्रेकर आणा, नाहीतर खांब फूटभर पुढेमागे सरकवा. आठ फुटांऐवजी सात फुटांवर आला तर आभाळ कोसळत नाही.

सिमेंटचंही तेच. खांबाभोवती काँक्रीटची वाटी केली की पावसाळाभर त्यात पाणी साचतं आणि बरोबर त्या कुजणाऱ्या पट्ट्यात. आमच्याकडे खाली मूठ-दोन मूठ खडी, मग मुरूम आणि जांभ्याचे तुकडे वीतवीतभर भरून पहारीच्या बुंध्यानं ठोकून घेतले, आणि वर मातीचा उतार दिला. काँक्रीट करायचंच तर त्याची कड जमिनीच्या वर आणि बाहेरच्या बाजूला उतरती हवी. घाटावरच्या काळ्या रानात वेगळी अडचण. ती माती उन्हाळ्यात फाटते आणि पावसात फुगते, खांब हलतो. तिथं खोली वाढवा आणि कोपऱ्याच्या खांबांना तिरके टेके द्या. तारेचा सगळा ताण कोपरा ओढतो. कोपरा ढिला तर सगळं कुंपण ढिलं.

चुलीची गोष्ट, ही तरी नीट वाचा

पहिले मोडलेले खांब आईनं न्हाणीच्या चुलीत घातले. आठ दिवस त्यावर पाणी तापलं. ते खांब थापेचे होते, तेलाचा काळा धूर झाला, तोही वाईटच. पण समजा ते खरे सीसीएचे असते तर? त्यात आर्सेनिक असतं. जाळलं तर काही भाग धुरात जातो आणि राहिलेला राखेत गोळा होतो. आणि राख आपण काय करतो? भांडी घासतो, वालाला लावतो, परसात वांग्याच्या बुंध्याशी टाकतो.

तेव्हा जो विक्रेता ‘ट्रीटेड’ म्हणतो पण औषधाचं नाव सांगत नाही, तो नुसते पैसे बुडवत नाही. घरात काय जाळायचं नाही हे कळायचा आपला हक्कही तो काढून घेतो. माझ्या रागाचं खरं कारण हे आहे.

सीसीएचा तुकडा, भुसा, मोडका खांब कधीही जाळायचा नाही. कापताना नाकाला फडकं नव्हे, नीट मास्क, हातात मोजे. भुसा गोठ्यात अंथरायचा नाही. गव्हाणीला, पाण्याच्या डोणीला, भाजीच्या वाफ्याच्या कडेला हे लाकूड नको. खांबाभोवतीच्या वीतभर-हातभर मातीत थोडं औषध उतरतं, तेव्हा पालेभाजी त्याच्या पायाशी लावू नका. अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घराच्या अंगणातल्या, मुलांच्या खेळण्याच्या जागेतल्या लाकडासाठी सीसीए बंद झालं, शेताच्या कुंपणाला मात्र चालू राहिलं. हा फरक समजून घ्या. घराजवळच्या परसबागेला आर्सेनिक नसलेलं तांब्याचं औषध मागा. त्या लाकडाला खिळे-मोळे गॅल्वनाइज्डच वापरा, साधे लवकर गंजतात. आणि बोरॅक्स-बोरिकची ट्रीटमेंट जमिनीत गाडायच्या खांबाला कुणी सुचवली तर नाही म्हणा. ती छपराखालच्या बांबूला, वाशांना चांगली. मातीत पावसाबरोबर धुऊन जाते.

ठेकेदाराशी बोलायच्या गोष्टी, कागदावर

तोंडी नको. वहीचं एक पान पुरतं, दोघांच्या सह्या आणि तारीख.

१. आधी हद्द. शंका असेल तर मोजणी करून घ्या, शेजाऱ्याला बोलावून त्याच्यासमोर दोरी टाका. दोरी एक हात सरकली तर कुंपणाआधी भाऊबंदकी उभी राहते.
२. खांबाची जात, लांबी आणि वरच्या टोकाचा घेर. ‘मध्यम खांब’ असलं काही लिहू नका.
३. औषधाचं नाव, घनमीटरला किलो, ट्रीट केल्याची तारीख, बिलासकट.
४. थप्पीतला एक खांब मधे कापून बघणार. पसंत नसेल तर सगळा माल परत, गाडीभाडं त्याचं.
५. खड्ड्याची खोली. सात फुटी खांबाला किमान दोन फूट, कोपऱ्याला जास्त. भरायच्या आधी आपण मोजणार.
६. खालचं तोंड कापायचं नाही.
७. पैसे टप्प्यानं. माल पसंत झाल्यावर मालाचे, खड्डे-खांब झाल्यावर मजुरीतला अर्धा हिस्सा, तार ताणल्यावर पुढचा. मजुरीतला दहावा भाग एक पावसाळा गेल्यावर.
८. उरलेले तुकडे ठेकेदार गोळा करून नेणार.

“असं कागद मागितला तर कुणी कामाला येणार नाही,” असं आमच्या वाडीतले एक काका म्हणाले. काका, माझ्याकडेही दोघं आले नाहीत. तिसरा आला. आणि जे दोघं आले नाहीत, त्यांनीच मला सगळ्यात स्वस्तात धडा दिला. कागदाला भिणारा माणूस पावसाला कसा टिकेल?

चांगला ठेकेदारही असतो, हे लिहिलंच पाहिजे. या वेळच्या मेस्त्रीनं भांडण झाल्यावर दुसऱ्या दिवशी स्वतः पहार धरून कातळ फोडला. तो म्हणाला, “दादा, आम्हाला कुणी कधी सांगतच नाही. सगळे म्हणतात, रेघ सरळ दिसली पाहिजे.” त्याचं बरोबर आहे. आपण रेघ बघून पैसे देतो, मग तो रेघच विकणार.

कृषी क्षेत्रातल्या मित्रांना थेट

तुम्ही आम्हाला कलमाची जात सांगता, खड्ड्याचं माप सांगता, खताची मात्रा ग्रॅममध्ये सांगता. पण बागेच्या अंदाजपत्रकात कुंपणाची एकच ओळ असते, ‘कुंपण, इतके मीटर, इतके रुपये’. खांब कशाचा, औषध कुठलं, याला जागाच नाही. ज्या बागेला फळ यायला पाच-सहा वर्षं लागतात, तिचं कुंपण तिसऱ्या पावसात मोडत असेल तर तुमची मात्रा डुकराच्या पोटात जाते. त्या ओळीत तीन शब्द वाढवा: जात, औषध, खोली. डेहराडूनची संस्था आहे, बंगळूरूला लाकूड विज्ञानाची संस्था आहे. त्यांचं ज्ञान तालुक्याच्या शिवारफेरीत का येत नाही?

शेवटी मी काय ठेवलं तेही सांगतो. दर दोन खांबांच्या मधे गिरिपुष्प आणि पांगाऱ्याचे खुंट लावलेत. आज त्यांना तार ठोकलेली नाही, आधी मुळं धरू देत. पंधरा-वीस वर्षांनी खांब थकतील तेव्हा ही झाडं तार पेलतील. तोवर गिरिपुष्पाचा पाला काजूला घालायला होईल.

माडाची १७ रोपं परत लावली. आई म्हणाली, “या वेळी पाणी तू घाल.” घालतोय.

पटलं असेल तर एवढंच करा. पुढच्या वेळी कुणी “ट्रीटेड आहे दादा” म्हणालं, की शांतपणे विचारा, “कशानं?” आणि पिशवीतली करवत जरा बाहेर दिसू द्या.